पसंतीचा रकाना

तिसऱ्या परिच्छेदापाशी मी थांबलो आणि हातातला कप बशीत ठेवायचा तो बशीच्या कडेवर ठेवला. चहा कलंडला, टेबलावर पसरला आणि निकालाच्या कागदाखाली शिरला. शहाण्या माणसानं आधी कागद उचलला असता. मी आधी तो परिच्छेद पुन्हा वाचला. ‘अपील अर्जाच्या तिन्ही प्रतींवर अपीलदाराने आपला अंगठा स्वहस्ते व चौकटीत अचूक उमटविला आहे. पूर्ण अंध इसमास हे शक्य नाही. सबब वैद्यकीय दाखल्यातील “दृष्टी क्षीण” हीच नोंद ग्राह्य धरण्यात येत आहे.’ आणि त्याखाली, मध्यभागी, ‘अपील नामंजूर.’ चहा टेबलावरून माझ्या धोतरावर ठिबकायला लागला तेव्हा कुठे मी हललो. बाहेर पडवीत पोश्या आणि त्याची बायको ठकू बसली होती. मीच बोलावली होती त्यांना, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं ती आलीही होती.

शनिवारी संध्याकाळी कल्याणच्या अपील कचेरीतून लखोटा आला तेव्हा आमचे हेडक्लार्क तात्या कपाटाला कुलूप घालून निघण्याच्या बेतात होते. लखोट्यावरचा नंबर मी लांबूनच ओळखला. फोडायचा अधिकार तात्यांचा, आणि तात्या म्हणाले, आता सोमवारी. पण मला धीर कुठला? लखोटा जाड होता, आणि माझ्या डोक्यात काय बसलं होतं कोण जाणे, की ‘नाही’ म्हणायला एक पान पुरतं, ‘हो’ म्हणायलाच जास्त पानं लागतात. तसाच एस.टी.च्या थांब्यावर गेलो आणि किन्हवलीच्या गाडीच्या कंडक्टरला निरोप दिला, वाडीतल्या पोश्याला सांग, निकाल आलाय, सोमवारी दोघांनी या. त्यानं विचारलं, ‘चांगलाय का?’ मी म्हणालो, ‘या म्हणावं,’ आणि हसलो. ते हसणं आता आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. कंडक्टर लोक चोख असतात. त्यानं शब्द पोचवले तसं हसणंही पोचवलं असणार. ठकू नवं लुगडं नेसून आली होती. म्हणजे नवं नव्हे, तिच्याकडे नवं कुठलं असणार, पण धुतलेलं होतं.

आमची मदत कचेरी म्हणजे शहापुरात भाड्यानं घेतलेलं दोन खोल्यांचं घर. मुरबाडच्या बाजूनं डोंगराकडे जो नवा रस्ता फोडत होते, त्याच्या कामावर सुरुंगानं, दगडानं जे कोणी जायबंदी झाले, त्यांचे अर्ज आमच्याकडे. जो कायमचा निकामी झाला त्याला महिन्याच्या महिन्याला मदत, बाकीच्यांना काहीतरी हातावर टेकवून वाटेला लावायचं. कचेरी तात्पुरती, टेबलं दुसऱ्या कचेरीची, आणि मी चार वर्षं तात्पुरता. पोश्या आमच्या किन्हवलीचा, ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीतला. त्यानं आमच्या शेतावर भाताच्या आवण्या केल्या, झोडणी केली. बिळातला खेकडा नांगी न लागू देता कसा ओढायचा हे मला त्यानंच शिकवलं. साठ सालच्या थंडीत तो रस्त्याच्या कामावर गेला. एक सुरुंग उडाला नाही म्हणून मुकादमानं त्याला बघायला धाडला, आणि तो बघायला वाकला तेव्हा सुरुंग उडाला. कामावरच्या डॉक्टरनं दाखला लिहिला तो डोळ्यांवर पट्ट्या असताना. ‘दृष्टी क्षीण.’ म्हणजे कायमचा निकामी नव्हे, सबब महिन्याची मदत नाही. पट्ट्या सुटल्या तेव्हा डावा डोळा मिटलेला होता, कायमचाच, आणि उजवा उघडा होता पण सगळा पांढरा. पण दाखला काही पट्टीसारखा सुटत नाही.

मदत मिळाली असती तर ठकूला कोळशाच्या भट्टीवर जावं लागलं नसतं. एवढीच गोष्ट होती, दुसरी काही नव्हती. दिवाळी सरली की भट्टीचा राघो मुकादम ट्रक घेऊन येतो आणि वाडीच्या वाडी भरून नेतो, ती पावसाच्या तोंडावर परत आणून टाकतो. त्याला जोडी लागते, एकानं तोडायचं, एकानं वाहायचं. आंधळा माणूस म्हणजे नुसतं खाणारं तोंड, त्याला ट्रकमध्ये जागा नाही. गेल्या वर्षी ठकू मागं राहिली. गवत कापलं, कंद उकरले, आणि होळीपर्यंत पोरांच्या हातापायांच्या काड्या झाल्या. यंदा राघो म्हणाला होता, तुझी अकरा वर्षांची भिमी आणि तू मिळून एक जोडी धरतो, धाकट्या बुधूला कडेवर घे. म्हणजे पोश्या एकटा. सहा-सात महिने, ओस वाडीत, पाणी ओढ्यावर, आणि ओढा माघात आटतो. ट्रक बुधवारी निघणार होता. ठकूनं राघोला सांगून ठेवलं होतं, निकाल येऊ दे, मग सांगते. आणि निकाल माझ्या टेबलावर चहा पीत पडला होता.

खिडकीतून ती दोघं दिसत होती. पोश्यानं डोक्यावरचा फडका कपाळावरून पुढे ओढून घेतला होता. मला वाटायचं ऊन लागतं म्हणून, पण एकदा ठकू म्हणाली होती, पोरं भितात. मी शिपायाकडून निरोप धाडला, थोडं थांबा, काम चाललंय. ठकूनं शिपायाला हात जोडले. काम काही चाललं नव्हतं. मी टीपकागदानं एकच डाग पुन्हापुन्हा टिपत होतो.

यंदाच्या वैशाखात वरून परिपत्रक आलं, की अपीलदारास सुनावणीच्या प्रकाराची पसंती देण्यात यावी. फॉर्मवर नवा रकाना छापून आला. ‘समक्ष हजर राहून’ किंवा ‘केवळ कागदपत्रांवरून’, नको असेल ते खोडावे. ज्यानं हे काढलं तो भला माणूस असणार, अजूनही मी असंच म्हणेन. गरिबाला कोणी विचारतंय, तुला कसं हवं, हीच केवढी गोष्ट. पण पसंती सांगायला माणसाला आयुष्यात आधी कधीतरी कोणी विचारलेलं लागतं. आमच्याकडे पाहुण्याला ‘भात वाढू का भाकर’ विचारलं तर तो ‘काय असंल ते’ म्हणतो. ‘भात’ म्हणाला तर उद्या गावभर होईल, काय खादाड आहे. आणि विचारणारा सरकारी माणूस असला तर मग बोलायलाच नको. त्यानं आधीच ठरवलेलं असतं, तो विचारतो ते आपली परीक्षा बघायला. तिथं शहाण्या माणसाचं उत्तर एकच, ‘तुमी सांगाल तसं.’ हे मला कोणी शिकवायला नको. मी त्याच गावचा.

आणि तरी मी काय केलं? किन्हवलीच्या बाजाराचा दिवस, शाळेच्या ओट्यावर माझं टेबल, पुढे ही रांग. भटजी मंत्र म्हणतो तसा मी तो रकाना एका दमात म्हटला. ठकूनं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आमाला काय कलतंय, भाऊसाब? तुमी सांगाल तसं.’ झालं. मी पेन उचललं. तेवढ्यात खाली उकिडवा बसलेला पोश्या म्हणाला, ‘मला जायचाय.’

‘कुठं?’

‘त्या सायबापुढं. कागुद काय बघंल तो? माजे डोले बघू दे.’

ठकूनं त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. ‘गप रव. भाऊसाबांना कलतंय.’

मी हसलो. हसायची मला खोडच आहे. म्हणालो, ‘अरे बाबा, कल्याणला जायचं म्हणजे आटगावला जा, गाडी धर, तिथं दिवसभर ताटकळत बस, नाव पुकारलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. ठकूची मजुरी बुडेल. आणि तू बोलणार काय साहेबापुढं?’

‘बोलनार नाय,’ पोश्या म्हणाला. ‘उबा ऱ्हाईन.’

लागला होता तो शब्द मला. टोचला होता. रांगेतली माणसं ऐकत होती. पण मी म्हणालो, ‘कशाला हेलपाटा? मी कागदच असा करतो, की साहेबानं वाचावा आणि सही ठोकावी,’ आणि पट्टी लावून, लाल शाईनं, ‘समक्ष हजर राहून’ खोडलं. सरळ रेघ आली. माझ्या रेघा सरळच येतात.

खरं काय ते बोलतो. मला त्यांचा हेलपाटा वाचवायचा नव्हता. म्हणजे तोही होता, नाही असं नाही, पण वरवरचा. मला माझा मसुदा जिंकायला हवा होता. कचेरीत माझ्या मसुद्याचं नाव होतं. तात्या दुसऱ्यांना म्हणायचे, कुंडलिकसारखं लिहा. शेतकऱ्याचं पोर, घरी ‘नाय’ आणि ‘व्हय’ बोलणारं, पण कागदावर बघा कसं, सबब आणि तथापि. पोश्याच्या अपिलावर मी तीन दिवस बसलो. असं लिहिलं होतं की दगडाला पाझर फुटावा. पोश्या तिथं नुसता उभा राहून जिंकला असता तर त्या मसुद्याला कोण विचारतं? असा विचार मी तेव्हा केला नव्हता. पण हात आपोआप रेघ मारतो तेव्हा तो कुणाच्या सांगण्यावरून मारतो, हे आपलं आपल्याला कळत असतं.

माझी आई, धोंडूबाई, पोटाच्या दुखण्यानं गेली. मी सोळा वर्षांचा होतो. बाबांनी तिला कल्याणला नेली होती, मी बरोबर होतो. डॉक्टर भला होता, खुर्ची दिली. म्हणाला, कापूनही बघता येईल, औषधावरही ठेवता येईल, दोन्हीत धोका आहे, तुम्ही सांगा. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. ‘तुमी म्हनाल तसं.’ डॉक्टरनं पुन्हा समजावलं. बाबा पुन्हा तेच. मी बाकावर बसून मनात ओरडत होतो, अहो बोला, ती तुमची बायको आहे. शेवटी डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, औषध. महिन्यात गेली. मसणातून परत येताना मी बाबांना नाही नाही ते बोललो. बाबा चालता चालता म्हणाले, ‘मी सांगितलं असतं आन ती गेली असती, तर मी कुटं गेलो असतो रे?’ मला तेव्हा ते भित्रेपणाचं वाटलं. मी ठरवलं, आपण टेबलाच्या या बाजूला बसायचं नाही, त्या बाजूला बसायचं. बसलो. पण बाबा काय म्हणत होते ते आज, धोतरावर चहाचा डाग घेऊन बसलो असताना कळलं. ही माणसं खुळी नसतात. ती आपलं ओझं उतरवून तुमच्या डोक्यावर देतात, आणि तुम्हाला वाटतं मानाचा फेटा बांधला.

आणि ते अंगठे. त्याआधी महिनाभर वरून सात अर्ज परत आले होते, शेरा मारून, ‘निशाणी चौकटीबाहेर.’ तात्यांनी मला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. म्हणून त्या दिवशी मी पोश्याचं मनगट धरलं, अंगठा शाईवर दाबला, त्याच्या अंगठ्यामागे माझा अंगठा लावला आणि चौकटीच्या बरोबर मधोमध टेकवला. एकदा, दोनदा, तीनदा. त्याचा हात जड होता, गाईच्या मानेसारखा सैल सोडलेला. त्यानं कागद कुठं आहे तेही विचारलं नाही. तीन प्रती, तीन अंगठे, एक तसूभर इकडे नाही का तिकडे नाही. आणि खाली छापलेलं होतं, ‘माझ्यासमक्ष, अपीलदाराने स्वहस्ते,’ त्यावर मी सही केली. सगळेच करतात. ‘हात धरून’ असं लिहिलं की आणखी दोन साक्षीदार लागतात, दुसरा फॉर्म लागतो. कोण करतं? ती माझी नीटनेटकी कामाची पद्धत कल्याणच्या साहेबांनी पाहिली आणि उंटावरून शेळ्या हाकल्या. पण त्यांना तरी काय म्हणू? त्यांच्यापुढे माणूस नव्हताच. मी त्यांच्यापुढे तीन अंगठे ठेवले होते.

निकालाचा शेवटचा परिच्छेद मी तोवर वाचला नव्हता; तात्यांनी तर सकाळी लखोटा फोडून कागद न वाचताच माझ्याकडे सरकवला होता. आता वाचला. ‘प्रस्तुत निर्णय कार्यालयीन चुकीवर आधारित असल्याचे संबंधित कर्मचाऱ्याने लेखी कळविल्यास, तीस दिवसांच्या आत फेरसुनावणी घेता येईल.’ संबंधित कर्मचारी म्हणजे मी. दोन ओळी लिहायच्या होत्या. अंगठा मी धरून उमटवला, स्वहस्ते ही नोंद खोटी आहे. मसुदा डोक्यात लगेच तयार झाला, चांगला झाला, सबबसकट. पण तात्यांच्या टेबलावर मला कायम करण्याचा कागद पडून होता, येत्या महिन्यात वर जाणारा. खोटी साक्षांकनं करणारा तात्पुरता कारकून. त्याला कायम कोण करील? त्याला तात्पुरताही कोण ठेवील? आणि घरी बाबा, आणि धाकट्या बहिणीचं, शकूचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. मी स्वतःशी म्हणालो, विचार करू, तीस दिवस आहेत. पण ट्रक बुधवारी होता. हेही मीच स्वतःला म्हणालो, आणि मग तात्या मागच्या दारी हातपाय धुवायला गेले तसा उठून पडवीच्या दारात गेलो आणि पोश्या-ठकूला आत बोलावलं.

पोश्यानं आत आल्यावर डोक्यावरचा फडका काढला. कचेरीत डोकं झाकून कसं यायचं, म्हणून. ठकू खाली बसली, मी ‘बाकावर बस’ म्हणालो तरी खालीच.

‘नामंजूर झालं,’ मी म्हणालो.

‘म्हंजे?’

‘साहेब नाही म्हणाले.’

ठकूनं पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. पोश्याची मान थोडी वाकडी, माझ्या मागच्या कपाटाकडे. ‘मला बघितला का त्यानं?’

‘नाही. कागद बघितले.’

‘मंग कसा नाय म्हनला?’

सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, माझ्यामुळं रे. मी म्हणालो, ‘त्यांचं असतं तसं.’

पोश्यानं ओठ ओले केले आणि अगदी हळू, माझी गैरसोय होऊ नये अशा आवाजात विचारलं, ‘आजून कुनापुढं जाता येतं का, भाऊसाब? मी उबा ऱ्हाईन. किती बी येल.’

माझा तळवा त्या शेवटच्या परिच्छेदावर होता. कागद अजून ओला होता, हाताला चिकटत होता.

‘नाही,’ मी म्हणालो.

आणि हे बोलल्यावर मला बरं वाटलं. हे लिहायला नको, पण वाटलं खरं. दार लागल्यावर वारा थांबतो तसं. ठकूनं पदर सोडला, डोळे पुसले, आणि हिशेबी आवाजात, रोजच्या कामाचं विचारावं तसं विचारलं, ‘बुधवारी राघो गाडी भरतोय. पोरांना घिऊन जाऊ का ह्याच्यापाशी ऱ्हाऊ? तुमी सांगाल तसं.’

इतकं होऊनही, अजून. नाही ठकू, तुझं तू ठरव, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर ती बसून राहिली असती, दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत, आणि मला ती जायला हवी होती. ‘जा,’ मी म्हणालो. ‘पोरांचं बघायला हवं.’

‘आन ह्यो?’

‘ती जाईल,’ पोश्या म्हणाला, मला नव्हे, कपाटाला. ‘मी हाय.’

ठकू उठली. त्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. ‘तुमी लय केलंत आमच्यासाठी,’ ती मला म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला, पण तो नव्हता. दोघं दाराकडे निघाली. तेवढ्यात तात्या पंच्याला हात पुसत मागच्या खोलीतून आले, ठकूच्या खांद्यावरून पोश्याचा हात निसटला आणि तो सरळ त्यांच्या अंगावर गेला. छातीवर छाती आदळली. पोश्यानं चाचपत तात्यांचा दंड धरला, सोडला, पुन्हा हवेत हात केला. तात्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पाहायला कितीसा वेळ लागतो?

‘कोण हा?’

‘पोश्या. किन्हवलीचं अपील.’

‘तो दृष्टी क्षीणवाला?’ तात्यांचा पंचा हातातच राहिला. ‘अहो कुंडलिक, हा तर ठार आंधळा आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला? याला कल्याणला साहेबांपुढे नुसता उभा केला असतात तरी काम झालं असतं. समक्ष मागता येत होतं ना? मग का नाही नेलात?’

पुन्हा ठकूचा खांदा धरून पोश्या दारात थांबला होता. त्याचा कान इकडे होता. ठकूही थांबली होती.

‘त्यांनाच नको होतं,’ मी म्हणालो.

ठकूनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या खांद्यावरची पोश्याची बोटं आवळली गेली, इतकी की तिचा खांदा एका बाजूला झुकला. तात्या तिच्या तोंडाकडे बघत होते, उत्तराची वाट पाहत. मीही बघत होतो. तिनं मान खाली घातली, पदर नीट केला.

‘व्हय,’ ती तात्यांना म्हणाली. ‘आमालाच नको व्हतं.’